मराठवाड्यात पर्यावरणाचं काम शिकायचंय : विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली, की माझा फोन वाजायला लागतो. ‘मॅडम, ओजेटीला कुठं जाऊ?’, ‘मॅडम, जंगलात काम मिळतं का?’, ‘मॅडम, सर्टिफिकेट मिळेल ना?’ ओजेटी म्हणजे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. प्रश्न तेच, आवाज तेवढे नवे. महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवताना आणि मुलांना घेऊन शिवारं तुडवताना जी उत्तरं हाती लागली, ती इथं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही सरळ आहेत, काही थोडी टोचतील.

‘पर्यावरणाची इंटर्नशिप’ म्हणजे नेमकं काय करायचं?

पाच जूनला रोप हातात धरून फोटो काढायचा, हे नव्हे. विहिरींची पाणीपातळी मोजायची. ओढ्याच्या कडेकडेनं चालत जाऊन बांध कुठं फुटलाय, गाळ कुठं साचलाय ते नकाशावर टिपायचं. मातीचे नमुने काढायचे, तलावावरचे पक्षी मोजायचे, कचरा डेपोवर ओला-सुका वेगळा करून वजन करायचं. रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या, हो, तेही. आणि ग्रामसभेत मागच्या बाजूला बसून तोंड मिटून ऐकायचं. निम्मं काम कंटाळवाणं असतं. ते कंटाळवाणं निम्मं जो नीट करतो, त्याला उरलेलं निम्मं कळतं.

आमच्या जिल्ह्यात जंगलच नाही. मग इथं करण्यासारखं आहे काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त लातूरहून येतो, आणि साहजिक आहे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्कासुद्धा नाही. पण पर्यावरण म्हणजे जंगल ही समजूत पुस्तकातल्या चित्रांनी करून दिलेली आहे. आपल्याकडे पर्यावरण म्हणजे आधी पाणी, मग माती, मग माळरान.

नांदेडचा देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइटचा पट्टा सोडला, तर मराठवाडा बहुतेक सगळा काळ्या पाषाणावर बसलेला आहे. लाव्हारसाचे थरावर थर. या दगडात वाळूसारखं पाणी साठत नाही. ते मुरतं वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. म्हणून बांधाच्या अलीकडच्या विहिरीला पाणी आणि पलीकडची कोरडी, असं दिसतं. लोक त्याला नशीब म्हणतात. पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास, तीही मोजक्या दिवसांत कोसळणारी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला रेल्वेच्या दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, प्रत्येकीत ५० हजार लिटर. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात नद्यांनी वावरांतली माती खरवडून नेली. दोन्ही टोकं एकाच पिढीनं पाहिली. ज्याला हे समजून घ्यायचंय, त्यानं ताडोबाला जायची घाई करू नये.

माळरानाचं तर कुणी नावच घेत नाही. सातबारावर ‘पोटखराब’, सरकारी भाषेत ‘पडीक’, गावाच्या बोलीत ‘बरड’. पण पवना, मारवेल, कुसळी, शेडा ही गवतं तिथंच उगवतात. चंडोल, धाविक, तित्तर तिथंच घरटी करतात. लांडगा, कोल्हा, खोकड, काळवीट, चिंकारा यांचं घरही तेच. एका माळाची वर्षभराची नोंद ठेवली, तर तो पदव्युत्तर प्रबंधाचा विषय होईल, आणि त्यावर काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

वाघ बघायला मिळेल का?

नाही. म्हणजे, भरवशानं नाही. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात सापडला. त्यानंतर तिकडचाच दुसरा एक वाघ २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाटात पोचला. दोघंही पिकांच्या, रस्त्यांच्या, वस्त्यांच्या मधून शेकडो किलोमीटर आले. तुम्हाला वाघ दिसणार नाही. पण तो कोणत्या ओढ्यानं, कोणत्या उसाच्या फडातून आला असेल, हे नकाशावर शोधत बसणं हेही काम आहे, आणि ते बघण्यापेक्षा कमी मजेचं नाही.

मी बीए करतोय. विज्ञान नाही, मग चालेल का?

चालेल. एक उदाहरण सांगते. परभणी जिल्ह्यात वालूर, चारठाणा अशा गावांत जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी आहेत. बारवेत पाणी कुठून येतं, ती कुणी बांधली असं लोक सांगतात, गाळ कधी काढला, पूर्वी पाणी कोण भरायचं आणि कुणाला भरू देत नव्हते: ही माहिती इतिहासाचा किंवा समाजशास्त्राचा विद्यार्थीच चांगली काढू शकतो. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरच्या काळातली, जमिनीखालून पाणी आणणारी नहर आहे, पाणचक्की आहे. तिथं अभियंत्याइतकंच दप्तर वाचणाऱ्याचं काम आहे. वाणिज्यवाल्यांनी रोपवाटिकेचा किंवा गावाच्या पाणीपट्टीचा हिशेब लावून द्यावा. असा माणूस संस्थांना हवाच असतो आणि मिळत नाही.

क्रेडिट किती, तास किती?

नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत ओजेटीला बहुतेक ठिकाणी चार क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. कोणत्या सत्रात, ते आपापल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बघा. एकदम पंधरा दिवस जाऊन मोकळं व्हायची सगळ्यांना घाई असते. माझं मत उलट आहे: चोवीस शनिवार, दर शनिवारी पाच तास. तेवढेच १२० होतात, आणि एका ओढ्याला तुम्ही भरलेला, आटलेला आणि कोरडा असा तिन्ही रूपांत बघता. महाविद्यालय मान्य करत नसेल, तर विभागप्रमुखांना लेखी विचारा. तोंडी ‘नाही’ बऱ्याचदा लेखी ‘हो’ होतं.

क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाची क्रेडिट वेगळी असतात. राष्ट्रीय सेवा योजनेत असाल, तर दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर आहेच. ते तास ओजेटीत धरता येत नाहीत, पण गाव तेच घेतलं तर ओळखी फुकट मिळतात. कृषीच्या मुलांना हे सांगायला नको. त्यांचा ‘रावे’, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घेण्याचा कार्यक्रम, असतोच, आणि गावात कृषिदूत-कृषिकन्या आल्या की फलक लागतो, फोटो येतो. फोटो झाल्यावर काय करता, ते महत्त्वाचं.

जाऊ कुठं? नावं सांगा ना.

सांगते, पण ही यादी पूर्ण नाही, आणि यातल्या कुणाकडे या वर्षी जागा आहे याची हमी मी देत नाही.

पाण्यात रस असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या कांचनवाडीत वाल्मी आहे, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, १९८० पासूनची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची कार्यालयं जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. तिथले भूवैज्ञानिक कामाच्या ओझ्याखाली असतात, पण खरंच फिरायला तयार असलेलं पोर भेटलं तर नाही म्हणत नाहीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, मृद व जलसंधारणाचा विभाग आहे. कृषी विज्ञान केंद्रं तर जवळपास सगळीकडे: जालन्याजवळ खरपुडी, अंबाजोगाई, तुळजापूर, नांदेडकडे सगरोळी, हिंगोलीत तोंडापूर. मातीपरीक्षण शिकायचं तर केंद्रासारखी जागा नाही. सामू (म्हणजे पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे स्वतःच्या हातानं काढा. मग शेतकऱ्याशी काय बोलायचं ते आपोआप सुचतं.

जालना जिल्ह्यातलं कडवंची एकदा तरी पाहाच. नव्वदच्या दशकात तिथं पाणलोटाचं काम झालं, पुढे शेततळी आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. यशोगाथा ऐकून परत येऊ नका. माथ्यावर चढा आणि समतल चर आज कोणत्या अवस्थेत आहेत ते बघा, मग खाली उतरून शेततळ्यात पाणी पावसाचं आहे की बोअरचं, ते विचारा.

स्वयंसेवी संस्थांमध्ये भोकरदनकडे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टचं काम आहे. अंबाजोगाईत मानवलोक आहे. लातूर-धाराशिवकडे स्वयं शिक्षण प्रयोग बायकांबरोबर थोड्या पाण्यावरच्या शेतीचं काम करतो. ही संस्था १९९३ च्या भूकंपानंतर तिकडे रुजली. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपची पहिली स्पर्धा २०१६ मध्ये ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यातला एक अंबाजोगाई. तेव्हा श्रमदान केलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांच्याकडून बांध आणि चर शिकणं कुठल्याही प्रशिक्षणाच्या तोडीचं आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. तिथले विद्यार्थी गावांत फिरत असतात, त्यांच्याशी ओळख काढा.

शहरातच राहायचंय? छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम चाललेलं आहे, सलीम अली सरोवर आहे, हिमायतबाग आहे. नांदेडला गोदावरी दारातच आहे.

वनविभागाचं वेगळं लिहिते, कारण त्याचा अर्जच वेगळा.

अभयारण्यात काम करायचं तर परवानगी कशी काढायची?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. अभयारण्यात *मदतनीस* म्हणून जाणं, म्हणजे पाणवठे साफ करणं, रोपवाटिका, पर्यटकांना माहिती देणं, याला स्थानिक अधिकाऱ्याची परवानगी पुरते. तिथं *संशोधन* करायचं, म्हणजे कॅमेरे लावायचे, नमुने उचलायचे, तर प्रकरण नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयापर्यंत जातं, आणि महिने लागतात. अभयारण्यातलं पिसही खिशात घालून आणायचं नाही. मोराचंसुद्धा.

अर्ज उपवनसंरक्षकांच्या किंवा विभागीय वन अधिकाऱ्यांच्या नावे, प्राचार्यांच्या पत्रासह. काय करणार, कोणत्या तारखा, किती जण, एवढं एका पानात. ‘निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य काढून टाका. सगळ्यांच्याच अर्जात असतं. आवक-जावक टेबलावर पोच घ्यायला विसरू नका. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आणि एक गुपित: साहेबांची सही झाली तरी तुमचं शिकणं ठरतं बीटच्या वनरक्षकावर. त्याच्या बरोबर दोन दिवस पायी फिरा, पाणवठ्यावरच्या पावलांचे ठसे तो जसे वाचतो तसे वाचायचा प्रयत्न करा.

जागा म्हणाल, तर कन्नडकडचं गौताळा औट्रमघाट मोठं, १९८६ मध्ये घोषित झालेलं. पाटोद्याकडचं नायगाव मयूर अभयारण्य आहे, धाराशिवमधलं येडशी रामलिंग घाट आहे, आणि किनवटकडचं सागाचं जंगल, ज्याला लागून पैनगंगा अभयारण्य. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी बघण्याचा निसर्गानुभव वनविभाग ठेवतो. जरूर जा. फक्त त्या रात्रीच्या आकड्याला ‘गणना’ म्हणून अहवालात लिहू नका. एका रात्री किती दिसले, एवढाच त्याचा अर्थ.

मानधन मिळतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. जेवण, राहणं, कधी एसटीचं भाडं. संस्थेच्या एखाद्या प्रकल्पात पैसे असतील तर थोडं विद्यावेतन. शिक्षण पूर्ण झालेल्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली; बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार रुपये महिना असे दर ठरले. चालू शिक्षण घेणाऱ्याला त्यात बसता येत नाही. अर्ज करण्याआधी योजनेची सध्याची स्थिती बघून घ्या.

फुकट राबवून घेणं आणि शिकवणं यातला फरक ओळखायची एक साधी खूण आहे: पहिल्या आठवड्यात कुणी तुमच्या बरोबर उन्हात उभं राहून दाखवलं का? की नुसती फाइल भरायला बसवलं?

एक संस्था ‘नोंदणी शुल्क’ मागतेय, सर्टिफिकेटसकट. भरू का?

नको.

प्रशिक्षणाचे पैसे वेगळे. बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, अशा जुन्या संस्थेचा पक्षिशास्त्राचा अभ्यासक्रम असतो, त्याला शुल्क असतं, त्याबदल्यात शिकवतात. इंटर्नशिपसाठी मात्र काम तुम्ही करणार, आणि पैसेही तुम्हीच देणार, हा कुठला न्याय?

विहिरी मोजायला सांगितलंय. ते इतकं सोपं काम शिकण्यासारखं आहे?

सोपं आहे म्हणून तर त्यात माणूस उघडा पडतो.

टेपला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंत सोडायचं. कठडा जमिनीपासून किती उंच आहे ते आधी मोजून वजा करायचं. शंभरातले साठ जण हे विसरतात आणि विहीर हातभर खोल लिहून येतात. दुसरं, मोटार कधी बंद झाली ते विचारायचं. शेतीची वीज आठवडा दिवसा, आठवडा रात्री अशी पाळीनं येते. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सातला मोजाल, तर रात्रभर उपसलेली विहीर मिळेल. तिची खरी पातळी ती नव्हे. झरे भरून आल्यावरची पातळी हवी. म्हणून नोंदवहीत तारीख आणि पातळी याबरोबर ‘मोटार किती तास बंद’ असा रकाना ठेवा. सरकारी निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तुम्ही दर आठवड्याला मोजलंत, तर तुमच्याकडे सरकारकडे नसलेली गोष्ट आहे.

एक प्रसंग सांगते. एका हुशार मुलानं एप्रिलच्या पंधरा नोंदी घरी बसून भरल्या. रोज दोन सेंटिमीटरनं पातळी खाली, अगदी शिस्तीत. मी वही बघितली आणि विचारलं, ‘बाबा, दहा-अकरा तारखेला रोहित्र जळालं होतं ना तुमच्याकडे? मग दोन दिवस मोटार कुणाचीच चालली नाही, तरी पाणी उतरलं कसं?’ तो गप्प. रागावले नाही. मेच्या नोंदी त्यानं एकट्यानं जाऊन घेतल्या, आणि त्या इतक्या वेड्यावाकड्या होत्या की बघूनच खऱ्या वाटल्या.

पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा?

एक हिशेब पाठ करा: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ६८० मिलिमीटर, तर गावावर पडलं ६८० कोटी लिटर. दप्तरी भाषेत ६,८०० टीसीएम. एक टीसीएम म्हणजे दहा लाख लिटर. यातलं बरंच वाफ होऊन जातं, काही वाहून जातं, काही मुरतं. किती मुरतं हे दगड, उतार आणि माती ठरवते, म्हणून तो भाग भूजलवाल्यांना विचारून भरा.

मग खर्चाची बाजू. माणसं, जनावरं, पिकं. इथं खोलीत शांतता पसरते, कारण पाटानं भिजवलेला एक हेक्टर ऊस वर्षाला २० ते २५ टीसीएम पितो. ताळेबंद गावासमोर वाचताना उसाच्या ओळीवर थांबू नका, आवाजही चढवू नका. आकडा वाचा आणि पुढे जा. गावाला तो आधीच ठाऊक असतो. फड कुणाचा आहे, हेही ठाऊक असतं.

पक्षी बघायला कधी जायचं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जायकवाडीचा नाथसागर हे आपल्याकडचं मोठं पाणथळ, १९८६ पासून पक्षी अभयारण्य, क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर. चक्रवाक, रोहित, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची जागतिक मोजणी. मारुती चितमपल्ली यांची जयंती ५ नोव्हेंबरला आणि सलीम अलींची १२ ला, त्या दरम्यान राज्यात पक्षी सप्ताह असतो. या दिवसांत जाणकार माणसं आपणहून भेटतात, दुर्बीण नसली तरी कुणीतरी देतं. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरायची सवय लावा.

आणि नुसते पक्षी बघू नका. पाणी उतरलं की धरणाच्या पोटात गाळपेऱ्याची शेती सुरू होते, तिथंच मच्छीमारांची जाळी असतात. दलदलीत चरणारे पक्षी, गाळपेरा करणारा शेतकरी आणि मासे धरणारा माणूस, तिघांना तीच जागा हवी असते. तिघांपैकी दोघं तुमच्याशी बोलू शकतात. बोला.

झाडं लावायला जायचंय. काय लावू?

आधी सांगा, पाणी कोण घालणार? नाव सांगा, ‘गावकरी’ नको.

आम्हीही एका वर्षी जूनमध्ये उत्साहानं पाचेकशे रोपं लावली. फेब्रुवारीत गेलो, तर आळी शिल्लक होती, रोपं नव्हती. शेळ्यांना दोष देऊन मोकळे झालो. खरं म्हणजे ते गायरान शेळ्यांचंच होतं, आम्ही न विचारता गेलो होतो.

कडुनिंब, करंज, बाभूळ, हिवर, खैर, पळस, बोर, आपटा, चिंच, उंबर ही आपली झाडं. पण खरं कौशल्य *कुठे लावू नये* हे ओळखण्यात आहे. गवताळ माळावर खड्डे घेऊन झाडं लावली, की गवत जातं, माळावर जगणारं सगळं जातं, आणि झाडंही जगत नाहीत.

सर्पमित्र व्हायचंय. साप पकडायला कोण शिकवेल?

मी तरी नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय साप धरणं गुन्हा आहे, आणि हातात नाग धरून व्हिडिओ काढणाऱ्याला सर्पमित्र म्हणत नाहीत. सुरुवात ओळखीपासून करा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी, बाकी बहुतेक धामण, दिवड, कवड्या असे निरुपद्रवी. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतो का, हे तपासून गावात फलक लावलात, तर शंभर साप पकडण्यापेक्षा मोठं काम होईल. कुणाला चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हलू न देता थेट रुग्णालय.

गावात लोक बोलतील का आमच्याशी?

बोलतील, पण आधी तुमची झडती घेतील. ‘कोण्या गावचं लेकरू?’, ‘कुणाकडून आलात?’, आणि हमखास, ‘अनुदान कधी येणार?’ पारावर बसलेल्या तात्यांना तुम्ही सरकारी सर्व्हेवाले वाटता. पहिल्याच वाक्यात सांगा: ‘तात्या, आम्ही कॉलेजची पोरं. आमच्या हातात पैसे द्यायचं काही नाही, शिकायला आलोय.’ निराश होतील, पण मग खरं बोलतील.

प्रश्नावली घरी ठेवा. विहिरीला पाणी किती असं विचारलं, की उत्तर येतं ‘नाहीच’. त्याऐवजी म्हणा, ‘आजी, ७२ च्या दुष्काळात पाणी कुठून आणायच्या?’ मग चहा येतो, मग बारव येते, मग तिच्या माहेरचा ओढा येतो. जाताना आणि परत येताना ग्रामपंचायतीत तोंड दाखवा. अहवालाची एक प्रत गावाला द्या. आजवर इतके सर्व्हे झाले, पण कागद परत आणून देणारा विरळाच, असं लोक बोलून दाखवतात.

मुलींनी जाणं सुरक्षित आहे का? घरचे नाही म्हणतात.

घरच्यांची काळजी खोटी नाही. एकटीनं जायचं नाही, दोघी हव्यात. मुक्काम ओळखीच्या घरात किंवा संस्थेच्या निवासात, आणि जाण्याआधी शौचालयाची चौकशी. हा प्रश्न लाजून टाळला तर पहिल्याच दिवशी काम बंद पडतं. गावातल्या आशाताई किंवा अंगणवाडीताईंशी पहिल्या दिवशी ओळख करा, त्यांच्यामागे गाव उभं असतं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे रोज येऊन-जाऊन करणंही परवडतं. एकदा आईलाच बरोबर घेऊन जा. दोन आयांना मी स्वतः विहिरीवर टेप धरताना पाहिलंय.

उन्हाळ्यात काम करता येईल का?

सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी पाचनंतर. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो; शौर्य दाखवू नका. टोपी-उपरणं, पाणी, मीठ-साखर. मे-जूनमधल्या वळवाच्या पावसात विजा पडून दर वर्षी माणसं, जनावरं जातात. ढग गडगडला की झाडाखाली थांबायचं नाही, माळावर उभं राहायचं नाही. ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये असू द्या.

कारखाने, प्रदूषण यात काम मिळतं का?

मिळतं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालन्याची औद्योगिक वसाहत. रसायनशास्त्रवाल्यांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात महिनाभर नमुने तपासायला शिकावं, पुढे नोकरीला उपयोग होतो. एवढंच की आतला आकडा बाहेर न्यायची मुभा नसते. काय लिहिता येईल, ते पहिल्या दिवशीच विचारून घ्या.

अहवाल मराठीत लिहिला तर चालेल?

विद्यापीठाला विचारा. पण इंग्रजीत लिहिलात, तरी दोन पानं मराठीत हवीतच, गावासाठी. माहितीजालावरून उचललेला ‘प्रस्तावना’ नावाचा भाग वाचवत नाही. पहिल्या पानावर तुमचा नकाशा आणि तुमची नोंदवही येऊ द्या. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते शिका; एका आठवड्यात गावाचा ओढे-विहिरींचा नकाशा काढता येतो.

पुढे नोकरी लागेल का?

हमी नाही. वनसेवेच्या आणि वनरक्षकाच्या परीक्षा आहेत. पाणलोट प्रकल्पांत, संस्थांत, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या कामात माणसं लागतात. मुलाखतीत ‘तुम्ही काय केलं?’ विचारल्यावर ज्याच्याकडे चोवीस आठवड्यांची वही असते, त्याला बोलायला काहीतरी असतं.

मला कुठंच जागा मिळाली नाही. आता?

मग घरच्या गच्चीवर पाऊस मोजा. थट्टा करत नाही. शासनाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळाला एक अशी आहेत, आणि एका मंडळात कितीतरी गावं येतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी; नुकसानभरपाईची चर्चा त्या आकड्याभोवती फिरते. केंद्रावर ४० पडला आणि तुमच्या शिवारात ९०, तर तुमच्या गावाचा पाऊस कुठंच लिहिलेला नसतो. तुमच्या वहीनं भरपाई मिळेल असं नाही, पण तलाठ्यासमोर, ग्रामसभेत दाखवायला तारीखवार आकडे तरी असतील.

साधं पर्जन्यमापक बाजारात मिळतं. नसेल तर सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा डबा घ्या आणि पट्टी लावा. भिंतीपासून, झाडापासून लांब, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं. डबा कोरडा असेल, तरी वहीत त्या तारखेपुढे शून्य लिहा. रकाना मोकळा सोडला, तर पाऊस पडला नाही की तुम्ही उठलाच नाहीत, ते नंतर कळत नाही.